त्या रात्री फोन कोणी करायचे

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातल्या एका गुरुवारी रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या भावजयीचा फोन आला. ती गॅलरीत जाऊन बोलत असावी, कारण तिच्या आवाजापेक्षा पावसाचाच आवाज अधिक येत होता. "ताई, यांनी एक वही लिहून ठेवलीय. तुम्ही आत्ता येऊ शकाल का?" एवढेच ती म्हणाली. वहीत काय आहे हे मी विचारले तेव्हा तिने पहिल्या दोन पानांवरच्या ओळी वाचून दाखवल्या, आणि तिसरे पान उलटण्याआधीच मी पायात चपला घातल्या होत्या.

पुढे काही लिहिण्याआधी हे सांगायला हवे की हा मजकूर माझ्या भावाने आधी वाचला आहे, दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो प्रसिद्ध करायला संमती दिली आहे. ही गोष्ट त्याची आहे. मी सांगते आहे ती फक्त शोधाशोधीची बाजू.

ती वही निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी होती. पहिल्या पानावर बँकेची खाती, दुसऱ्यावर आयुर्विमा पॉलिसींचे क्रमांक आणि हप्त्यांचे महिने, त्यानंतर सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस नोंदवण्याचा क्रमांक, मुलीच्या शाळेच्या फीच्या तारखा आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे होती. प्रत्येक मथळ्याखाली पट्टी लावून रेघ मारलेली होती. किराण्याची यादीदेखील जुन्या बिलाच्या पाठीवर खरडणारा माझा भाऊ इतक्या टापटिपीने घरातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद करून ठेवतो आणि बायकोने कारण विचारले की "तुला सगळं ठाऊक असावं म्हणून," असे शांतपणे सांगतो, यातले ते शांतपणच भयंकर होते. त्याआधीचे तीन महिने तो पहाटे तीनला जागा होत होता, जेवण निम्म्यावर आले होते, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले होते आणि महापेच्या कार्यालयातून घरी आल्यावर तो दिवा न लावता बसून राहत होता. हे सगळे आम्हाला दिसत होते. आम्ही त्याला कामाचा ताण म्हणत होतो.

त्या रात्रीच्या दोन आठवडे आधी छातीत धडधड होते म्हणून त्याला नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात नेलेही होते. तिथे ईसीजी काढला, तो चांगला आला, पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि टेन्शन घेऊ नका असे सांगून घरी पाठवले. झोप कशी आहे, भूक कशी आहे, मनात काय येते, हे तीन प्रश्न त्या दिवशी कोणी विचारले असते तर कदाचित वहीपर्यंत वेळ आली नसती. अर्थात ते आम्हीही विचारले नव्हते.

नौपाड्यातून रिक्षा मिळाली. कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत ठीक होते, पण विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचले होते आणि गाड्या एकामागून एक रांगत होत्या. तेवढ्या वेळात मी फोन करत होते. एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्याचा फोन वाजत राहिला. दुसऱ्या क्रमांकावर, हा नंबर आता त्यांचा नाही, असे एका अनोळखी गृहस्थांनी सांगितले. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षातून कळले की मानसोपचाराचे डॉक्टर फक्त बुधवारी येतात. आणखी एका ठिकाणी सभ्य आवाजात मला पुढच्या आठवड्यातली वेळ देऊ करण्यात आली, आणि मी, आज रात्रीचे काय, असे विचारल्यावर पलीकडे काही क्षण कोणी काहीच बोलले नाही. मी शिकलेली, नोकरी करणारी, ठाण्यात जन्म काढलेली बाई आहे. माझे डोके त्या क्षणी ठिकाणावर होते, फोनमध्ये बॅलन्स होता, बोलायचे कसे हे ठाऊक होते, आणि तरीही चौथ्या फोनला माझा आवाज कापू लागला.

तेव्हाच मला एक गोष्ट कळली आणि तीच सांगण्यासाठी हे लिहिते आहे. आपण नैराश्यात बुडालेल्या माणसाला सहज सांगतो की, मदत घे, कोणाशी तरी बोल. पण मदत घेणे म्हणजे क्रमांक शोधणे, तो लागला नाही की दुसरा शोधणे, परक्या माणसाला आपली अवस्था पहिल्यापासून सांगणे, वेळ ठरवणे, प्रवास करणे, रांगेत बसणे आणि नकार मिळाल्यावर पुन्हा उठणे. ज्याला अंघोळीला उठायला तासभर लागतो त्याच्यावर आपण हे सगळे सोपवतो आणि त्याच्याकडून झाले नाही की त्याला बरे व्हायचेच नाही, असे म्हणून मोकळे होतो. पाय मोडलेल्या माणसाला कोणी रिक्षा शोधायला पाठवत नाही. मदत शोधण्याचे काम आजारी माणसाचे नाही, ते त्याच्याजवळच्या माणसाचे आहे.

विटाव्याच्या त्या पाण्यातच मला १४४१६ हा क्रमांक आठवला. टेलिमानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते. १८००-८९१-४४१६ हा तिचा दुसरा क्रमांक. मी आधी भाषा निवडली, मग थोडी वाट पाहावी लागली, आणि नंतर एका तरुण मुलीचा आवाज आला. तिने माझे रडणे थांबू दिले. मग तिने एकेक प्रश्न विचारला: भाऊ आत्ता एकटा आहे का, त्याने स्वतःला काही इजा करून घेतली आहे का, याआधी असे कधी घडले होते का, तो दारू घेतो का, घरात कोणती औषधे आहेत आणि ती कोणाच्या हाताशी आहेत. शेवटी तिने विचारले, "तुम्ही त्यांना सरळ विचारलंय का, की मरून जावंसं वाटतं का?"

मी म्हणाले, असे कसे विचारायचे? त्याच्या मनात नसेल तर आपणच घालून देऊ.

ती म्हणाली की, तसे होत नाही. सरळ, शांतपणे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट जे ओझे तो एकटा वाहतो आहे ते कोणापुढे तरी उतरवायला वाट मिळते. फक्त "तू असा वेडेपणा तर करणार नाहीस ना?" अशा शब्दांत विचारू नका, कारण त्या प्रश्नाला 'नाही' एवढेच उत्तर देता येते. आपल्याकडे 'जिवाचं काही बरं-वाईट' हा शब्दप्रयोग आहे. तो मायेचा आहे, पण त्या रात्री त्याच्या आडोशाला उभे राहून चालणार नव्हते.

कोपरखैरण्याला पोहोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. भाऊ पलंगाच्या कडेला बसला होता. समोर स्टुलावर ताट झाकून ठेवलेले होते आणि वरणावर साय धरली होती. तो मला पाहून म्हणाला, "ताई, एवढ्या पावसात कशाला आलीस?" मी शेजारी बसले. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आहे, त्याला शाळेत सोडायला जाताना धरत असे तसे मनगट धरले आणि विचारले, "तुला मरून जावंसं वाटतं का रे?" तो बराच वेळ चादरीचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिला. मग "हो" म्हणाला. आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्हा सगळ्यांचं माझ्यावाचून जास्त बरं होईल असं वाटतं. हिशोब करून पाहिलाय मी."

मी त्याच्याशी वाद घातला नाही, हे मला आजही नवल वाटते, कारण मी वाद घालणारी आहे. मुलीचे तोंड बघ, आईचा विचार कर, असे सगळे ओठांवर आले होते. पण तो आईचा आणि मुलीचा विचार करूनच त्या टोकाला पोहोचला होता. त्या दोघींची नावे घेऊन मी त्याच्या अपराधीपणात भरच घातली असती. मी एवढेच म्हणाले की आजची रात्र मी इथेच आहे आणि सकाळी आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ, कुठे आणि कसे ते मी बघते. "मी बघते" या दोन शब्दांनी त्याचे खांदे खाली आल्याचे मला हाताला जाणवले.

त्या रात्री आम्ही दोघींनी पाळ्या लावल्या. घरातली सगळ्या औषधांची पेटी भावजयीने समोरच्या काकूंकडे नेऊन दिली, काहीही न सांगता. काकूंनीही काहीही विचारले नाही. बाकी ज्या गोष्टी हाताशी नसाव्यात असे त्या समुपदेशक मुलीने सांगितले होते त्या आवरल्या. हे करताना आपण त्याच्यावर अविश्वास दाखवतो आहोत असे वाटत होते. पण अशा संकटाची तीव्र लाट बहुधा काही तासांची असते आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणे, माणूस एकटा नसणे, यानेच जीव वाचतो. पहाटे तीनला तो नेहमीप्रमाणे जागा झाला. मी चहा केला. आम्ही फारसे बोललो नाही.

सकाळी कुठे जायचे हा प्रश्न होता, आणि इथे मला थोडे थांबून लिहायचे आहे. आमच्या घरापासून जवळच ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते १९०१ सालचे. राज्यातल्या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. आम्ही लहान असताना वर्गात कोणी विचित्र वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे म्हणत, आणि ठाण्यातच राहणारी आम्ही मुले तर नुसती त्या दिशेला बोट करत असू. मीही केले आहे. त्या शुक्रवारी सकाळी जेव्हा मी भावाला म्हटले की तिथल्या बाह्यरुग्ण विभागात आज डॉक्टर भेटतील, पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागणार नाही, तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो म्हणाला, "ताई, मला आत ठेवून घेतील का?" लहानपणी उगारलेले ते बोट तेव्हा माझ्यावरच रोखले गेले.

तसे कोणी कोणाला सहजी ठेवून घेऊ शकत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आहे. त्यानुसार रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होतो तेव्हा त्याला साधारणपणे स्वतःच्या इच्छेने बाहेरही पडता येते. आणि निर्णय घेण्यासाठी ज्याला फार आधाराची गरज आहे अशा रुग्णाला त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते, मुदत ३० दिवसांची असते आणि त्याविरुद्ध याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते. हे मला त्या सकाळी ठाऊक नव्हते. मी त्याला फक्त शब्द दिला की तुला न विचारता काहीही होणार नाही, आणि तो शब्द पाळता आला हे माझे भाग्य.

केसपेपर काढला, बाकावर बसलो. शेजारी कल्याणहून आलेल्या एक आजी डब्यातली पोळी आपल्या नातवाला भरवत होत्या. पलीकडे लॅपटॉपची बॅग मांडीवर घेतलेला एक तरुण होता. एका रिक्षाचालकाने खाकी शर्ट बदललाही नव्हता. रांगेतली माणसे आमच्यासारखीच होती, याने भावाला जितका धीर आला तितका माझ्या बोलण्याने आला नव्हता. डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला आत घेतले, चाळीस मिनिटे बोलले, मग आम्हाला बोलावले. तोच सरळ प्रश्न त्यांनीही विचारला होता. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणी सांगितली, कारण त्यांतल्या बिघाडानेही मन असे खचू शकते. गोळ्या लिहून दिल्या त्या मात्र फक्त आठवड्याच्या, आणि त्या भावजयीने स्वतःजवळ ठेवून रोज हातात द्यायच्या होत्या. या गोळ्यांचा मनावरचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, झोप त्याआधी सुधारू शकते, आणि सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढली तर न थांबता परत यायचे, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितले. बरे वाटू लागल्यावर आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे तीनदा.

इथे एक गोष्ट जोडते, ती आमच्या घरातली नाही, ओळखीच्या एका कुटुंबातली आहे. त्यांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी स्वतःला इजा करून घेतली तेव्हा एका खासगी रुग्णालयाने, ही पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या, असे म्हणून दारातूनच परत पाठवले आणि बदनामीच्या भीतीने घरच्यांचीही पावले अडखळली. मुलगा वाचला, पण त्या अर्ध्या तासाची आठवण काढली की त्याचे वडील आजही मधेच बोलायचे थांबतात. म्हणून हे ठळकपणे सांगायला हवे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये, शिक्षा देऊ नये. तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारे जुन्या दंडसंहितेतले कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसेच्या तसे घेतलेले नाही. रुग्णालय आपल्या नोंदवहीत नोंद करते, पोलीस येऊन जबाब घेतात, पण नोंद होणे म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे. आणि जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार देऊ शकतो, त्यासाठी आधी मानसोपचारतज्ज्ञ हजर असावा लागत नाही. तेव्हा इजा झालेली असेल तर हेल्पलाइनच्या रांगेत थांबू नका. १०८ ला रुग्णवाहिका मागवा किंवा ११२ फिरवा आणि सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

पुढचे आठवडे लांब होते. दुसऱ्या आठवड्यात तो पहिल्यांदा सकाळी पाचपर्यंत झोपला. चौथ्या आठवड्यात मुलीच्या कंपासपेटीचे बिजागर त्याने आपणहून दुरुस्त केले आणि भावजयीने मला त्याचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. मधे एक वाईट शनिवार येऊन गेला आणि पुन्हा १४४१६ लावावा लागला. या वेळी फोनवर तो स्वतः बोलला. औषधांबरोबर समुपदेशनही सुरू झाले. समुपदेशक औषध लिहून देत नाहीत आणि मानसोपचारतज्ज्ञांना दर वेळी तासभर ऐकायला सवड नसते, हा फरक आम्हाला आधी समजला असता तर सुरुवातीचे काही फोन वाचले असते. तरीही ठाण्यात आम्ही नशीबवान आहोत असे मला वाटते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इथे १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि तेव्हापासून मनाच्या आजारांविषयी मराठीत, जाहीरपणे, लाज न बाळगता बोलण्याची सवय या शहराला लागत गेली. माझ्या तोंडी नैराश्य हा शब्द त्या रात्री आला तो तिथल्या व्याख्यानांमुळे.

आईला मात्र आम्ही दहा दिवस काही सांगितले नाही, आणि ती माझी चूक होती. तिच्या रक्तदाबाची काळजी म्हणून आम्ही खोटे बोललो. तिला कळले तेव्हा ती म्हणाली, "त्याला ताप आला असता तर कळवलं असतंत ना?" मग ती रोज दुपारी त्याच्याकडे जाऊन बसू लागली. ती त्याला काहीच विचारत नसे. शेंगा सोलत बसे, आणि थोड्या दिवसांनी तोही सोलू लागला.

विम्याचा अनुभव थोडक्यात सांगते. मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे असे मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ सांगते, पण अनेक पॉलिसींमध्ये बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मुळातच बसत नाही. तेव्हा आपली पॉलिसी शांत दिवशी वाचून ठेवावी.

ती निळी वही अजून आहे. फेकून द्यावी असे भावजयीला वाटत होते, पण भावाने ती ठेवून घेतली आणि गेल्या महिन्यात मागच्या बाजूने उघडून एक नवे पान लिहिले. वर १४४१६ आणि ११२, त्याखाली डॉक्टरांचे नाव आणि केसपेपरचा क्रमांक, चालू गोळ्या, आणि बिघडू लागल्याच्या तीन खुणा: पहाटे तीनची जाग, न लावलेला दिवा, आणि "हिशोब". उपचारांच्या निर्णयात आधार देण्यासाठी कायद्याने मिळणारा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून त्याला भावजय हवी आहे, मी नको, कारण मी फार लवकर निर्णय घेते. तेही त्याने लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. शेवटी, बोलावल्यावर येऊन बसतील अशा माणसांसाठी चार ओळी आखल्या आहेत. पहिल्या तिन्हींवर भावजय, मी आणि समोरच्या काकू आहोत. चौथी ओळ अजून कोरी आहे. कार्यालयातल्या एका मित्राला तो स्वतःच विचारणार आहे आणि त्यासाठी येत्या बुधवारी दोघांनी घणसोली स्थानकाबाहेर चहाला भेटायचे ठरवले आहे.